पकडीची ताकद, पकडीचा दाब आणि ‘स्ट्राँग ग्रिप’ : हॅण्ड ग्रिपरने ड्राइव्ह लांब जाईल का?

आपण लिहिले आहे की आपले वय ४४ आहे, उजव्या हाताने दीड वर्षापासून गोल्फ खेळता, ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, १८० यार्डांपुढे जात नाही आणि चेंडू हवेत उजवीकडे वळतो. बरोबरच्या एका खेळाडूने ‘ग्रिप स्ट्राँग करा’ असे सांगितल्यामुळे आपण तीन महिने रोज स्प्रिंगचा हॅण्ड ग्रिपर दाबत आहात. अंतर वाढले नाहीच, शिवाय उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले आहे. पकडीच्या ताकदीने स्विंग, म्हणजे क्लब फिरवून चेंडू मारण्याची क्रिया, खरोखर सुधारतो का, असा आपला प्रश्न आहे.

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. यंत्रमागावरचे कामगार आणि विड्या वळणाऱ्या स्त्रिया यांची मनगटे, बोटे आणि कोपर तपासणे हे माझे रोजचे काम आहे. गोल्फ मी पुण्यात शिकत असताना खेळू लागलो. आजही जमेल तेव्हा पुण्याला जाऊन खेळतो आणि एरवी घराच्या गच्चीवर जाळी बांधून सराव करतो. त्यामुळे आपला प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण आपले तीन महिने बहुधा त्यातच गेले आहेत. गोल्फमध्ये ‘स्ट्राँग ग्रिप’ या शब्दाचा ताकदीशी काहीही संबंध नाही. हात क्लबच्या दांड्यावर कोणत्या बाजूला वळवून ठेवले आहेत, एवढाच त्याचा अर्थ आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने दोन्ही हात स्वतःच्या उजवीकडे थोडे वळवून ठेवले, वरून पाहताना डाव्या मुठीवर बोटांच्या मुळाशी असलेल्या तीन गाठी दिसल्या आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली रेघ उजव्या खांद्याकडे गेली, की ती पकड स्ट्राँग होते. अशा पकडीत चेंडूला लागताना क्लबचा फेस, म्हणजे चेंडूवर आदळणारी सपाट बाजू, डावीकडे वळून सहज बंद होतो आणि उजवीकडे वळणारा स्लाइस कमी होतो. हात डावीकडे वळवले की पकड ‘वीक’ होते. नामवंत अमेरिकी गोल्फपटू बेन होगन यांना उलटा त्रास होता, त्यांचा चेंडू डावीकडे हुक होत असे; त्यांनी पकड वीक बाजूला आणून तो आवरला, आणि त्यांच्या हातांत ताकद कमी होती असे कोणीही म्हणणार नाही. आपल्या मित्राचा सल्ला योग्यच होता, परंतु तो दांड्यावर हात ठेवण्याविषयी होता.

आता ताकदीविषयी. ताकद आणि दाब या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की बराचसा गोंधळ मिटतो. ताकद म्हणजे आपली मूठ जास्तीत जास्त किती आवळू शकते; दाब म्हणजे त्यातला किती भाग आपण प्रत्यक्ष खेळताना वापरतो. आमच्याकडे ताकद डायनॅमोमीटर या मुठीचा जोर मोजणाऱ्या उपकरणाने मोजतात आणि मध्यमवयीन पुरुषाच्या एका हाताची पकड पुष्कळदा ३५ ते ५० किलोंच्या दरम्यान भरते. क्लबला हाताकडून काय लागते, याचा एक ढोबळ हिशेब करून पाहा. ड्राइव्ह मारण्याच्या क्लबला ड्रायव्हर म्हणतात; त्याच्या डोक्याचे वजन सुमारे २०० ग्रॅम असते. ते ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर वेगाने साधारण दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत आहे असे धरले, तर त्याला वर्तुळात धरून ठेवण्यासाठी लागणारी ओढ २० किलो वजनाहून थोडी जास्त येते. ही ओढ दांड्याच्या दिशेने, क्लब हातातून निसटवण्याच्या बेताने असते. दांड्यावर चढवलेले रबरी आवरण, म्हणजे ग्रिप, वरच्या टोकाकडे जाड होत जाते, त्यामुळे तिचा आकारच हात निसटू देत नाही. उरलेले काम बोटांचा दाब आणि रबराचे घर्षण मिळून करतात.

या हिशेबातून पकडीच्या ताकदीचा खरा उपयोग समजतो. ज्याची मूठ ५० किलोंची आहे त्याला हे काम आपल्या क्षमतेचा थोडाच भाग वापरून जमते. ज्याची २५ किलोंची आहे त्याला तेच काम करताना आपल्या क्षमतेचा त्याच्या दुप्पट भाग लावावा लागतो, आणि त्याचे मनगट लवकर आखडते. ताकद कमवायची ती हलके धरणे परवडावे म्हणून.

मनगट का आखडते, हे शरीररचनेतून पाहण्यासारखे आहे. बोटे मिटवणाऱ्या मोठ्या स्नायूंपैकी वरच्या थरातले स्नायू कोपराच्या आतल्या हाडापासून निघतात आणि त्यांचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. ते जोराने आखडले की बोटांबरोबर मनगटही आत वाकवू पाहतात. तसे होऊ नये म्हणून हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू उलट ओढ देतात, आणि दोन्ही बाजूंनी ताणलेले मनगट खिळल्यासारखे होते. खुर्चीत बसल्या बसल्या मूठ पूर्ण आवळून मनगट भराभर वरखाली हलवून पाहा, नंतर मूठ सैल करून तेच करा. फरक लगेच कळेल. स्विंगमध्ये वेग पायांपासून सुरू होऊन कंबर, धड, खांदे, हात असा चढत जातो आणि शेवटी मनगटाच्या मोकळेपणातून क्लबच्या डोक्यात उतरतो. ही शेवटची कडी जाम झाली तर आधी कमावलेला वेग वाया जातो, आणि फेस वेळेवर बंद न झाल्याने चेंडू उजवीकडे जातो. आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा या एकाच जागी आहे.

आमच्या गावच्या गड्ड्याच्या यात्रेत मानाच्या सात काठ्या, म्हणजे नंदीध्वज, निघतात. संक्रांतीच्या आधी काठी पेलण्याचा सराव चालतो तेव्हा मी आवर्जून पाहायला जातो. नवखा तरुण दोन्ही मुठी आवळून काठी धरतो आणि थोड्याच वेळात त्याचे हात थरथरू लागतात. अनुभवी माणूस भार कमरेवर घेतो आणि हातांनी फक्त तोल राखतो. त्याच्या हातांत ताकद नवख्यापेक्षा जास्तच असते. तो ती खर्च करत नाही, एवढेच.

पकडीची ताकद जास्त असलेल्या खेळाडूंचा क्लबचा वेगही सरासरीने जास्त असतो, असा संबंध अभ्यासांत आढळला आहे. मात्र ज्याचे हात बळकट असतात त्याचे पाय, पाठ आणि खांदेही बहुतेक वेळा बळकट असतात, म्हणून या वेगाचे सगळे श्रेय मुठीला देता येत नाही. शिवाय अंतर म्हणजेच सगळा खेळ नव्हे : टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, ती तिथल्या सर्वांत कमी अंतर मारणाऱ्या खेळाडूंपैकी होती. ग्रिपवर संवेदक लावून घेतलेल्या मोजमापांत असेही दिसते की सुरुवातीला दाब कमी असतो आणि डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब वरून चेंडूकडे खाली येताना, तो आपोआप वाढतो. हात ही वाढ न सांगता करतात, त्यासाठी आधीपासून आवळून बसण्याची गरज नसते. चेंडू आणि क्लब यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो, तेव्हा त्या क्षणी मूठ घट्ट करून काही साधण्याइतका वेळही नसतो.

प्रत्यक्षात मी एवढेच सांगेन : उभे राहताना पूर्ण ताकद दहा धरली तर दाब चारच्या आसपास ठेवा, आणि तोही डाव्या हाताच्या करंगळी, अनामिका व मधले बोट यांत आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांत. उजवा अंगठा आणि तर्जनी यांनी चिमटा काढल्यासारखे धरले की सगळा हात कडक होतो. ही चूक मी स्वतः दोन वर्षे केली. क्लब बोटांच्या मुळाशी येऊ द्या, तळव्याच्या मधोमध धरलात तर तो निसटेल असे वाटून मूठ आवळली जाते.

उन्हाळ्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि घामाने घर्षण कमी झाले की दाब नकळत वाढतो. मी बॅगेला आमच्या गावचा एक टर्किश टॉवेल कायम अडकवलेला ठेवतो, दोन हातमोजे आलटून पालटून वापरतो आणि ग्रिपचे रबर चकचकीत व कडक झाले की ते बदलून घेतो. जुन्या ग्रिपवर हलक्या हाताने खेळण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ आहे.

आता कोपराविषयी. लक्षणांवरून हा ‘गोल्फर्स एल्बो’ असू शकतो, म्हणजे बोटे व मनगट वाकवणाऱ्या स्नायूंच्या कंडऱ्यांचा उगमापाशी झालेला त्रास. खेळाचे नाव त्याला असले तरी आपल्या बाबतीत तो ग्रिपरमुळे झाला असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते. ग्रिपर आजच बंद करा आणि दुखणे कमी होईपर्यंत पूर्ण ताकदीचे ड्राइव्हही मारू नका. त्यानंतर तळवा वर ठेवून हात टेबलावर असा टेकवा की मनगट कडेबाहेर राहील, एक किलो वजन दुसऱ्या हाताच्या मदतीने वर आणा आणि मनगट हळूहळू खाली सोडा. किंचित ताण जाणवला तर चालतो, कळ येता कामा नये. त्याबरोबर बोटे उघडण्याचा व्यायाम करा, तो ग्रिपर कधीच देत नाही. मी रुग्णांना ज्वारीने भरलेल्या बादलीत हात खुपसून बोटे ताकदीने पसरायला सांगतो. धान्य सगळीकडून सारखा विरोध करते आणि खर्चही नसतो. पुढे ताकद वाढवायची झाल्यास पाण्याच्या दोन बादल्या उचलून खांदे सरळ ठेवून चाला, त्यात मुठीबरोबर पाठ आणि पाय यांनाही काम मिळते.

करंगळी व अनामिका यांत मुंग्या येत असतील, किंवा डाव्या तळव्यात करंगळीच्या खालच्या बाजूला, जिथे दांड्याचे टोक टेकते तिथे, दाबल्यावर तीव्र दुखत असेल, तर व्यायाम न करता आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पहिल्या बाबतीत नस दाबली गेलेली असू शकते आणि दुसऱ्या बाबतीत मनगटातल्या लहान हाडाला तडा गेलेला असू शकतो, जो साध्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसत नाही.