'मी' हरवतो तेव्हा मराठीत काय होतं?

प्रश्न असा आला आहे: एका दुःस्वप्नासारख्या भविष्यावरच्या कादंबरीबद्दल लेख लिहायचा आहे. तिच्यातली माणसं समाजाच्या साच्यात बसता बसता स्वतःला गमावतात. 'कन्फर्मिटी'साठी 'अनुरूपता' आणि 'इंडिव्हिज्युॲलिटी'साठी 'व्यक्तिमत्त्व' घेऊन 'अनुरूपतेमुळे व्यक्तिमत्त्वाचा लोप' असं लिहिलेलं चालेल का?

माझ्या मते नाही. 'अनुरूप' हा मराठीत पसंतीचा शब्द आहे. अनुरूप जोडीदार, प्रसंगाला अनुरूप भाषण. तो ऐकून कुणाच्या अंगावर काटा येत नाही. 'व्यक्तिमत्त्व' तर इथे सरळ चुकतं, कारण ते म्हणजे माणसाची दुसऱ्यावर पडणारी छाप. तीच घोषणा देणाऱ्या हजारांतही एखाद्याचं व्यक्तिमत्त्व भारदस्त असू शकतं. हरवतं ते व्यक्तित्व, साध्या भाषेत वेगळेपण. 'व्यक्ती' हा शब्द मुळात प्रकट होणं, वेगळं दिसून येणं या अर्थाचा. 'व्यक्त', 'अव्यक्त' त्याच घरातले. म्हणून 'व्यक्ती अव्यक्त होते' असं लिहिलंत तर ती नुसती कोटी ठरणार नाही, अर्थानेही ते नेमकं बसेल.

'गतानुगतिकता' सुचेल, पण ती आपखुशीची असते: पुढचा गेला म्हणून मागचा गेला. 'मेंढरं' म्हटलं की दोष मेंढरांवर जातो आणि हाकणारा सुटतो. 'री ओढणे'मध्ये निदान आवाज तरी स्वतःचा असतो. 'छापाचे गणपती' मात्र इंग्रज लेखक हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या १९३२च्या कादंबरीला चपखल बसेल. तिथे एका बीजांडातून ९६पर्यंत हुबेहूब माणसं काढतात.

खरं सांगायचं तर तुम्ही नामं शोधताय आणि मराठीतली गंमत सर्वनामांत आहे.

रशियन लेखक झाम्यातिनची १९२०-२१मध्ये लिहिलेली कादंबरी घ्या. तिचं शीर्षकच एक सर्वनाम आहे, इंग्रजीत 'वी'. (मूळ रशियन शब्द मराठी कानाला जवळजवळ 'मी'सारखा ऐकू येतो, हा निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही.) तिथे माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या. सगळे एकाच क्षणी चमचा उचलतात आणि प्रत्येक घास ठरलेल्या पन्नास वेळा चावतात. निवेदक डी-५०३ पहिल्याच टिपणात म्हणतो की मी जे पाहतो, जे विचार करतो ते लिहीन. आणि लगेच स्वतःला दुरुस्त करतो: मी नव्हे, आम्ही जे विचार करतो ते.

आम्ही की आपण? इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही, मराठीला पडतो. 'आम्ही'त ऐकणारा बाहेर उभा असतो. 'आम्ही निघालो' म्हटलं की तुम्ही मागे राहिलात. 'आपण निघालो' म्हटलं की तुम्हाला न विचारता तुम्हीही निघालात. माणसं गिळणाऱ्या राज्याच्या तोंडी 'आपण'च हवं. ते आर्जवी आहे, आपुलकीचं आहे, आणि नकार द्यायला जागा ठेवत नाही.

शिवाय हा 'आपण' आला कुठून? संस्कृत 'आत्मन्'पासून, प्राकृत 'अप्पण'मार्गे. म्हणजे तो मुळात 'स्वतः'. आजही 'त्याला वाटलं, आपण चुकलो' यात तो 'स्वतः'च आहे. 'आपल्याला नाही बुवा जमणार' म्हणणारा तर फक्त स्वतःबद्दल बोलत असतो. स्वतःसाठी आणि सगळ्यांसाठी एकच शब्द! कादंबरीत जी गोष्ट घडायला शेकडो पानं लागतात, ती या तीन अक्षरांत आधीच दडलेली आहे. तुमच्या लेखाचा कणा मी इथे धरला असता.

क्रियापदांकडेही बघा. पुरुष म्हणतो 'मी गेलो', अनेकजण म्हणतात 'आम्ही गेलो'. रूप एकच. सर्वनाम गाळलं की 'सकाळी उठलो, रांगेत उभा राहिलो' यात 'उभा' हा एकच शब्द सांगतो की बोलणारा एकटा आहे. 'उठलो, निघालो, पोचलो' एवढंच लिहा, मग मी की आम्ही हे वाचकाला कळणारच नाही. बाई बोलत असेल तर फरक उठून दिसतो: 'मी गेले' आणि 'आम्ही गेलो'. 'आम्ही'त शिरताना तिचं 'गेले' तिला दाराबाहेर ठेवावं लागतं.

वेगळ्या राहणाऱ्याला काय म्हणावं? इंग्रज लेखक ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या १९४९च्या कादंबरीतल्या सरकारी भाषेत 'ओनलाइफ' असा शब्द आहे. अर्थ, व्यक्तिवाद आणि विक्षिप्तपणा, दोन्ही एकत्र. मराठीला तो नव्याने घडवायची गरज नाही. एकलकोंडा, तऱ्हेवाईक, तिरपागडा हे शब्द आपण एरवीही फार सहज फेकतो. माझी निवड 'एकलकोंडेपणा', कारण तो काळजीच्या सुरातही म्हणता येतो.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'चारचौघांसारखं होता होता त्यांच्यातला मी पुसला जातो, उरतं ते आपण.' 'पुसला जातो' हा प्रयोग मुद्दाम. पुसणारा कुणीतरी आहे, हे त्यात राहतं.

आणखी एक. झाम्यातिनच्या शेवटच्या टिपणात, कल्पनाशक्ती काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर, डी-५०३ स्वतःचंच लिखाण बघून चकित होतो. हे सांगताना तुमच्या लेखणीतून सवयीने उतरेल: 'ही पानं आपणच लिहिली का, असा त्याला प्रश्न पडतो.' व्याकरण बरोबर आहे. तरी तिथे थांबा, अवतरणचिन्हं घाला आणि 'मीच लिहिली?' असं करा.