सात घोडे आणि पाच वर्षं

घोडबंदर रोडच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ६१, निवृत्त, एकट्या राहतात. मुरबाडजवळ भाड्याच्या तबेल्यात वरातीतून, टांग्यातून सुटलेले सात घोडे सांभाळतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार भरतो, तिथून आणखी तीन 'सोडवायचे' आहेत, दीड लाख लागतील. एफडी मोडू की सोनं गहाण ठेवू?

ताई, दोन्ही नको. मला धडकी भरली ती पत्राच्या शेवटच्या ओळीने: नालबंद पाच महिने फिरकलेला नाही, कारण त्याचे मागचे पैसे थकलेत. खुर दर सहा-आठ आठवड्यांनी तासावे लागतात, नाहीतर जनावर लंगडायला लागतं. म्हणजे वाचवलेल्या सातांचेच हाल सुरू झालेत.

हिशेब बघा. गवत, चणे-कोंडा, माणसाचा पगार, भाडं, डॉक्टर धरून तुमच्याच आकड्यांनी एका घोड्याला महिना ९ हजार. सातांचे ६३. घरखर्च २८, विम्याचा हप्ता १०. झाले लाखभर. येतात किती? पेन्शन ४१ हजार, ३२ लाखांच्या एफडीचं व्याज १९ हजार. दरमहा ४० हजारांचा खड्डा मुद्दलातून भरताय. पाच वर्षांत एफडी संपेल. तुमची धाकटी घोडी आज सहा वर्षांची आहे. नीट सांभाळली तर पंचविशी गाठेल.

आणि तो विमा! एकसष्टाव्या वर्षी, मागे कोणी अवलंबून नसताना, 'घोड्यांचा फंड' म्हणून वर्षाला १ लाख २० हजारांची एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली, पॉलिसी? १२ टक्के मिळतील असं एजंट तोंडी म्हणाला. असल्या पॉलिसीत पाच-सहा टक्के सुटले तरी खूप. दोनच हप्ते गेलेत. सरेंडरची, म्हणजे आत्ता पॉलिसी मोडली तर परत मिळणारी, रक्कम कंपनीकडून लेखी मागवा आणि तिसरा भरू नका. शनिवार-रविवारी मुलांना रपेट देऊन खर्च निघेल ही आशाही सोडा. लंगड्या घोड्यावर कोणी आपलं मूल बसवत नाही.

यात्रेत डोळ्यांत पाणी आणून उभं राहिलात की व्यापारी भाव चढवतो आणि तुमच्या पैशांतून पुढचा घोडा आणतो. अमेरिकेत २००७ साली शेवटचे घोड्यांचे कत्तलखाने बंद झाले, कत्तलीचे घोडे आणखी मोठ्या संख्येने कॅनडा-मेक्सिकोला जाऊ लागले. मग लिलावात स्वस्तात घेतलेल्या घोड्याचा फोटो टाकून 'आज रात्री ट्रकमध्ये चढणार' असं सांगत कत्तलीच्या भावाहून जास्त उकळणारे व्यापारी निपजले. सारंगखेड्यात तर बहुतेक गिऱ्हाईक वरातवाले नि हौशी. तिथे तुम्ही कोणाला सोडवत नाही, फक्त एक गिऱ्हाईक वाढवता.

विमा थांबला की घरखर्च जाऊन हाती ३२ हजार उरतात. त्यात तीन घोडे बसतात, वर पोटशूळाच्या एखाद्या रात्रीसाठी थोडे राहतात. चौथा बसत नाही. म्हातारे, लंगडे तीन तुम्ही ठेवा. त्यांना कोणी घेणार नाही. धडधाकट चौघांना जागा मिळू शकते. मात्र तबेला आणि जमाखर्च दाखवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेलाच द्या, आणि परत विकणार नाही हे लिहून घ्या.

आधी नालबंदाचे पैसे चुकते करा. मग वहीत प्रत्येक घोड्याच्या नावापुढे लिहा: मी आजारी पडले तर याला कोण नेणार? ज्याच्यापुढे नाव सुचणार नाही, त्याच्यापासून जागा शोधायला लागा.