दुर्घटनेनंतर माणुसकीवर विश्वास ठेवायचा, तर बघायचं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोठी दुर्घटना घडते, माणसं मरतात, आणि बाजूला लोक मोबाइल उंचावून चित्रीकरण करत उभे असतात. चार दिवस हळहळ, मग सगळे विसरतात. हे पाहून माणसांवरचा विश्वास उडत चाललाय, तर आशा ठेवायची ती कशाच्या जोरावर?

मी मराठवाड्यातला. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूरला कॉलेजात होतो. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांबरोबर त्या भागात जाणं-येणं सुरू झालं, ते पुढे बरीच वर्षं टिकलं. त्यामुळे उत्तर तिथूनच देतो. बाकीच्या दुर्घटनांबद्दल मी बोललो तर ते पेपरात वाचलेलं बोलणं होईल.

बघे तेव्हाही होते. फक्त हातात मोबाइल नव्हते. गाड्या करून, बायकापोरांना घेऊन लोक भूकंप ‘बघायला’ यायचे. औशाकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या जीपगाड्यांमागे मदतीचे ट्रक खोळंबायचे. ढिगाऱ्याखालच्या प्रेतांच्या अंगावरचे दागिने गायब झाल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात ऐकू यायच्या. तेव्हा ‘हल्ली माणसं बिघडली’ हे काही मला पटत नाही. होती तशीच आहेत. वाईटही होती आणि तुम्ही शोधताय ती दुसरी बाजूही होती. प्रश्न एवढाच, की ती दुसरी बाजू दिसते कुठे आणि कधी.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आली आणि झोपली. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड बसवलेले नुसत्या मातीत, आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर मातीचा थरावर थर. पावसाळ्याआधी दर वर्षी आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात आत गारवा असायचा, आणि आम्हाला त्या घरांचा अभिमानही होता. त्या पहाटे तीच माती आणि तेच दगड झोपलेल्या माणसांवर आले. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा आहे. गावोगाव आजही दहा हजार म्हणतात. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, राजेगाव अशी ५२ गावं पार झोपली.

पहिली मदत कुठून आली असेल असं वाटतं? लष्कर आलं, डॉक्टर आले, सगळे आले, पण ते नंतर. उजाडेपर्यंत हातात पहार, कुदळ, घमेलं घेऊन जे उकरत होते ते स्वतःच ढिगाऱ्यातून बाहेर आलेले होते. कुणाचा हात मोडलेला, कुणाचं घरातलं माणूस अजून आतच. तरी शेजारच्या वाड्यातून आवाज येतोय म्हणून तिकडे उकरायचं, कारण आपल्या घरातून आवाज येणं थांबलेलं होतं. हे मला तिथल्या एका मामांनी सांगितलं. सांगताना त्यांच्या बोलण्यात मोठेपणाचा लवलेश नव्हता. आज काय पेरलं ते सांगावं तसं सांगितलं. जखमींना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ट्रकमध्ये, मिळेल त्यात घालून उमरगा, लातूर, सोलापूर गाठलं गेलं. त्यात पाऊस.

मंगरूळची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. दीड वर्षाची एक मुलगी पाच दिवसांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली, लष्कराच्या एका अधिकाऱ्याने तिला बाहेर काढलं. वर्षश्राद्धाच्या बातम्यांत ती गोष्ट अजून येते, आणि यावीच. पण खरं सांगू, मी आशा त्या गोष्टीवर टांगत नाही. चमत्कार एकदा होतो. पुढच्या दुर्घटनेत तो झाला नाही, की आपण पुन्हा तुमच्या प्रश्नापाशी येऊन उभे.

मग आली मदतीची लाट. तिच्याबद्दल मी जरा कडू बोलेन, रागावू नका. देशभरातून कपड्यांचे गठ्ठे आले. उसवलेले शर्ट, एकाच पायाचा बूट, लग्नातले कोट, जिथे बायका नऊवारी नेसतात तिथे मिनी स्कर्ट. शाळेच्या पटांगणात ढीग पडले, पावसात भिजले, कुजले, आणि नंतर ते उचलायलाही माणसं लावावी लागली. पाव आणि बिस्किटं इतकी, की एका गावात खाऊन कंटाळलेले आणि शेजारच्या गावात कुणी पोचलेलंच नाही. किल्लारीचं नाव रेडिओवर झालं म्हणून ट्रक किल्लारीलाच. आतल्या रस्त्यावरच्या गावांना आठ-आठ दिवस कुणी विचारलं नाही. पाठवणाऱ्यांचं मन वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पण काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं.

सास्तूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक आक्का मला म्हणाल्या होत्या, “कापडं लई झाली बाबा. खुरपं आणलंय का कुणी?” मला तेव्हा आधी विचित्रच वाटलं. घरातली माणसं गेलीत आणि ह्या खुरपं मागताहेत. पण शेतात उभं पीक होतं, तूर होती, आणि ऑक्टोबर म्हणजे रब्बीचा पेरा. ज्वारी-करडई त्या पंधरवड्यात पडली नाही, तर पुढचं अख्खं वर्ष कुणाच्या तरी ट्रककडे बघत बसावं लागणार. खुरपं, विळा, तिफण, बियाणं, बैलांची वैरण, हे सगळं ढिगाऱ्याखाली. नंतर सोलापूरकडचा एक भांड्यांचा व्यापारी आला होता. त्याने आल्या आल्या काही वाटलं नाही. दोन दिवस शेडमधून फिरत वहीत लिहून घेतलं, गेला, आणि परत येताना घागरी, तवे, कंदील आणि खुरपी घेऊन आला. त्याचं नाव कुणाच्या लक्षात नाही. खुरपी मात्र बऱ्याच जणींच्या लक्षात होती.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. दुर्घटनेनंतरच्या पहिल्या आठवड्यात माणुसकी जोखूच नका. तेव्हा सगळं भडक असतं, वाईट भडक आणि चांगलंही भडक. तिसऱ्या पावसाळ्यात कोण तिथे आहे ते बघा.

किल्लारीच्या बाबतीत तिसऱ्या पावसाळ्यातच नव्हे, त्यानंतरही बरेच जण होते.

पुण्याचे शांतिलाल मुथा आणि त्यांची भारतीय जैन संघटना भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला घेऊन गेली. हे ऐकायला सोपं वाटतं. बाराशे मुलांचं रोजचं जेवण, अंथरूण, खरूज, रात्री पत्रा वाजला तरी किंचाळत उठणं, आणि ‘मला माझ्या काकाकडं जायचंय’ हा हट्ट, हे वर्षानुवर्षं निभावायचं म्हणजे काय, याचा विचार करून बघा. फोटो एका दिवसात काढून होतो. दहावीपर्यंत पोचायला मात्र दहा वर्षं लागतात.

दुसरं हराळी. ज्ञान प्रबोधिनी या पुण्याच्या शिक्षणसंस्थेची माणसं भूकंपानंतर त्या भागात आली आणि हराळी गावात त्यांनी निवासी शाळा उभी केली, शेतीशी जोडलेली. अण्णा ताम्हनकर आणि लताताई भिशीकर तिथेच राहिले. पाण्याची बोंब, वीज कधी आहे कधी नाही, माळरानाची जमीन. मदत करून पुण्याला परत जाण्यात काही गैर नव्हतं, हजारो लोक तसेच गेले, मीही पुढे नोकरीसाठी गेलोच. पण काही जण गेले नाहीत. असा निर्णय कुणी एकदा घेऊन मोकळं होत नाही, तो दर उन्हाळ्यात टाकी कोरडी पडली की पुन्हा घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जवळची, आणि बाहेर सगळ्यांत कमी माहीत असलेली. ५२ गावांचं पूर्ण पुनर्वसन नव्या जागी झालं. पण त्याशिवाय शेकडो गावांत पडझड झालेली घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती. जागतिक बँकेच्या कर्जातून पैसा आला होता, तो हप्त्या-हप्त्याने घरमालकाच्या खात्यात जमा होणार होता. आता गावातल्या माणसाला काय ठाऊक की दारं-खिडक्यांच्या वरून घराला वेढा घालणारा सलग काँक्रीटचा पट्टा कशाला, सळई किती जाडीची, दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड कुठे बसवायचे? आणि गवंडी सांगेल ते खरं मानलं, तर पैसा संपणार आणि भिंत होती तशीच. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावातल्या महिला मंडळांतून बायका निवडल्या. त्यांना नाव दिलं ‘संवाद सहायक’. या बायका आधी स्वतः शिकल्या, मग घरोघर फिरल्या. अडलेला हप्ता का अडला ते तहसीलला जाऊन विचारायचं, शासनाचं परिपत्रक चावडीवर वाचून दाखवायचं, गवंड्याने वाळू जास्त घातली तर त्याला तिथल्या तिथे थांबवायचं. ज्यांनी डोक्यावरचा पदर कधी खाली येऊ दिला नव्हता, त्या साहेबाच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसायला लागल्या. गावातल्या पुरुषांना हे सुरुवातीला अजिबात रुचलं नव्हतं, हेही खरं. एका घरात तर सासऱ्याने सुनेची वही चुलीत घातली होती, आणि ती दुसऱ्या दिवशी नवी वही घेऊन निघाली.

पुढे २६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये भूकंप झाला. तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या याच बायका गुजरातला गेल्या. हिंदी मोडकी, गुजराती शून्य. तिथे तंबूत बसलेल्या बायकांना त्यांनी धीर दिला असेलच, पण त्यांच्याकडे धीरापेक्षा पक्कं काहीतरी होतं. आठ वर्षांपूर्वी त्या स्वतः तशाच बसल्या होत्या. पंचनाम्यात काय लिहून घ्यायचं, घर कागदावर बाईच्याही नावावर कसं आणायचं, बांधकाम चालू असताना रोज जाऊन का उभं राहायचं, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून सांगावं लागत नव्हतं. २००४च्या त्सुनामीनंतर ही साखळी तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत पोचली. मासेमारी करणाऱ्यांच्या गावात आमच्या ज्वारीच्या मुलखातली बाई काय सांगणार, असं मला वाटलं होतं. पण ढिगाऱ्यासमोर बसलेल्या बाईला दुसऱ्या ढिगाऱ्यातून उठलेली बाई भेटली, की फार भाषांतर लागत नसावं.

तुम्ही विचाराल, मग सगळं छान झालं का? नाही झालं. नवी गावं शहरी कॉलनीसारखी आखली. घरं लांब-लांब, रस्ते रुंद, पण शेजारीण हाकेच्या अंतरावर नाही. कित्येक जण नव्या पक्क्या घरात सामान ठेवायचे आणि बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचे, वर्षानुवर्षं. दगडाखाली झोपायची भीती काँक्रीटने जात नाही. मदतीच्या पैशावरून भाऊबंदकी झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. दारू वाढली. आणि जे गेले ते गेलेच. चांगुलपणाने त्याची भरपाई होते असं म्हणणाऱ्यांची मला चीड येते. हा हिशेब जमा-खर्चाचा नाहीच. एका पानावर गेलेली माणसं आणि समोरच्या पानावर वाटलेल्या घागरी, असं मांडायला गेलात तर तुमची निराशा ठरलेली आहे. मला वाटतं, तुम्ही नकळत तेच करताय.

मी आशा वेगळ्या कारणाने धरतो. तो चांगुलपणा शिकता येतो आणि पुढे देता येतो, हे मी पाहिलंय. सास्तूरच्या आक्कांना जे तेव्हा कुणी विचारलं नाही, ते त्यांच्याच भागातल्या बायकांनी आठ वर्षांनी कच्छमध्ये जाऊन विचारलं. एवढं मला पुरतं. तुम्हाला पुरेल की नाही, सांगता येत नाही.

आता शेवटी तुमच्यासाठी एक काम, कारण नुसतं वाचून ही अस्वस्थता जात नाही. पुढची दुर्घटना घडेल (घडणार आहेच), तेव्हा ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघू नका, पाठवूही नका. रक्तदानाची हाक आली तर लगेच धावण्याआधी रक्तपेढीला फोन करून कुठला गट कमी आहे ते विचारा. साठवलेलं रक्त ३५ ते ४२ दिवस टिकतं, प्लेटलेट तर जेमतेम ५ दिवस. पहिल्या दोन दिवसांत सगळं गाव रांगेत उभं राहतं, आणि महिना-दीड महिन्याने, जखमींच्या दुसऱ्या-तिसऱ्या शस्त्रक्रिया चालू असताना, पेढीत ठणठणाट असतो. पुरुषांना दर तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना दर चार महिन्यांनी देता येतं. तेव्हा त्या पहिल्या रांगेत तुमच्या गटाची गरज नसेल तर घरी जा, कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरच्या तारखेला खूण करा आणि त्या दिवशी जा. बहुधा रांग नसेल. नर्सताईंना वेळ असेल, चहाही देतील.