डोलीत रात्री बारीक पिल्लं जास्त का येतात?

मुंबईतल्या मढच्या एका दादांनी विचारलंय, डोल (पिशवीसारखं, एका जागी बांधलेलं जाळं) तीच, जागा तीच, तरी रात्रीच्या जवळ्यात माशांची पिल्लं जास्त आणि दिवसा कमी, असं का? आणि वर्सोव्याच्या ताई म्हणतात, ऑगस्टात जोराचा पाऊस झाला की ती वरच्या पाण्यातून गायबच होतात. दोघांना एकत्रच सांगतो.

अंड्यातून निघाल्यावर पहिले काही दिवस पिल्लू पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतं, पोहता धड येत नाही, पाणी नेईल तिकडे जातं. नंतर मात्र वर जायचं की खाली ते स्वतःच बघतं. खायला उजेड लागतो, पण उजेडात मोठ्या माशाला तेही दिसतं ना, म्हणून बऱ्याच जाती दिवसा खाली, रात्री वर. सगळ्या नाही हां, काही उलटंही करतात. आणि आपलं पाणी गढूळ, उजेड खोल जातच नाही, त्यामुळे निळ्या पाण्यातले मीटरचे आकडे इकडे लावू नका.

ताई, पावसाचं वेगळं. उल्हास नदीचं गोडं पाणी हलकं, ते वर पसरतं आणि खारं खाली राहतं, मग ज्यांना गोडं सोसत नाही ती पिल्लं खाली सरकतात, तरंगणारी अंडीसुद्धा खाली उतरतात. वारा सुटला की थर ढवळतात, तेव्हा हिशोब परत बदलतो. पण तळालाही सुख नाही, पावसाळ्यात आणि नंतर अरबी समुद्राच्या खोलातलं कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे चढतं, लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की तिथे टिकणं मुश्किल, मग पिल्लं मधल्याच पट्ट्यात कोंडतात.

त्यात खाडीत वाढणाऱ्या काही जाती भरतीला वर येतात, ओहोटीला तळाशी बसतात, बाहेर वाहून जायला नको म्हणून.

तेव्हा दादा, डोल किती वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खाली लावू याला एकच आकडा मी देणार नाही, दिला तर खोटा ठरेल. बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी, तळाला गेली की हिसका द्या. वरचं आणि तळाचं पाणी वेगवेगळं आणा, खारटपणा इथे मोजून देतो. ताई, जवळा निवडताना एक वाटी पांढऱ्या ताटलीत पसरा, पिल्लू काचेसारखं असतं, दिसत नाही, पण डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात, ते मोजा. तारीख, तिथी, भरती वहीत लिहा. एक उधाण (मोठी भरती) आणि एक भांग (लहान भरती) झाला की वही घेऊन या, आणि खोळ्याचा (डोलीच्या शेवटच्या पिशवीचा) आस, म्हणजे जाळ्याचं भोक, तोही दाखवा, जवळ्याला बारीकच लागतो हे माहितीय मला, तरी बघू.