तैवानला कुटुंबासह यावे का? शिनचूहून एक उत्तर

शिनचूच्या विज्ञान उद्यानातील एका चिप कंपनीने आपल्याला नोकरी देऊ केली आहे, आणि पत्नी व चार वर्षांच्या मुलीला घेऊन यावे की युद्धाच्या भीतीने नकार द्यावा, असे आपण विचारले आहे. युद्धाचे भाकीत मी करणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी राजधानी तैपेईला येऊन गेल्या आणि चीनने बेटाभोवतीच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा पुण्याहून आईचे फोनवर फोन येत होते आणि मी मात्र नेहमीच्या बसने कामावर जात होतो. त्यानंतर असे मोठे सराव मे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, तसेच एप्रिल २०२५ मध्येही झाले, आणि चीन आणि तैवान यांच्यामधल्या सामुद्रधुनीतील जी मध्यरेषा पूर्वी सहसा पाळली जाई, ती चिनी विमाने आता सर्रास ओलांडतात.

मला हल्ल्यापेक्षा नाकेबंदीची काळजी अधिक वाटते. तैवान आपली नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात करतो, शेवटची अणुभट्टी मे २०२५ मध्ये बंद झाली, आणि विजेसाठी लागणाऱ्या द्रवरूप वायूचा साठा जेमतेम दोन आठवड्यांच्या आतबाहेर असतो. म्हणजे एकही गोळी न झाडता केवळ जहाजे अडवून या बेटाला जेरीस आणता येईल. शिवाय २०२२ मध्ये युक्रेनमधील आपले विद्यार्थी निदान सीमा ओलांडून पोलंड-रुमानियात पोहोचू शकले. येथे चहूकडे समुद्र आहे. भारताचा दूतावासही येथे नाही, ते काम तैपेईतील ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ पाहते. आल्याबरोबर तेथे तिघांची नावे नोंदवा.

मुलाखतीत बहुतेक जण विचारत नाहीत असा एक प्रश्न मात्र जरूर विचारा: कंपनीचे किती ग्राहक चिनी आहेत? ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रे चीनला विकण्यावर निर्बंध घातले, ते पुढे वाढवत नेले, आणि त्याची झळ बेटावर बसलेल्या अभियंत्याच्या कामापर्यंत पोहोचते. युद्ध होवो न होवो, हा फटका बसू शकतो.

तरीही माझे मत विचाराल तर या. फक्त येथे घर विकत घेऊ नका, बचतीचा मोठा भाग भारतात ठेवा आणि मुलीच्या पासपोर्टची मुदत संपू देऊ नका. जुलैत हवाई हल्ल्याचा सराव असतो, भोंगे वाजतात, सगळे मोबाइल एकदम कर्कश ओरडतात आणि अर्धा तास रस्ते रिकामे होतात. मुलीला आदल्या रात्रीच त्याची कल्पना देऊन ठेवा.