मार्शल जेएमपी-१ (गिटारचा प्रीअँप) बंद केला की प्रीसेट (साठवलेली सेटिंग्ज) उडतात. व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या नळ्या) बदलावे लागतील का?

नाही, व्हॉल्व्हचा इथे काडीचा संबंध नाही. (विकणारा सांगेलच म्हणा, ‘बदलून टाका!’) प्रीसेट टिकतात ते आतल्या ३ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर, आणि १९९०च्या दशकातल्या यंत्रातली बॅटरी आतापर्यंत मान टाकणारच. ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. जुनी काढून तिथे सीआर२०३२ या नाण्यासारख्या बॅटरीचा होल्डर बसवून घ्या. पुढच्या वेळी नुसती बॅटरी बदलली की झालं. साध्या नाण्यासारख्या बॅटरीला थेट सोल्डरिंग आयर्न लावू नका, तापून फुटू शकते. अजून काही प्रीसेट शाबूत असतील तर आकडे आधी कागदावर उतरवा, बॅटरी काढताच ते जातील.

पुढे व्हॉल्व्हचा पॉवर अँप (स्पीकर चालवणारा अँप) जोडणार असाल, तर स्पीकरशिवाय तो वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.