पहिल्यांदाच राष्ट्रीय रोबोकॉनला जाणाऱ्या संघाने सगळी कामे करणारा रोबोट बांधावा का?

सांगली जिल्ह्यातील आपल्या महाविद्यालयाचा संघ प्रथमच राष्ट्रीय रोबोकॉनमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रोबोटांच्या आशियाई स्पर्धेच्या भारतातील फेरीत, उतरणार आहे आणि हाताशी असलेल्या वेळेत व पैशांत नियमपुस्तिकेतील सगळी कामे करणारा रोबोट बांधावा की मोजकीच कामे करणारा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मोजकीच कामे करणारा बांधावा, आणि तोही स्पर्धेच्या पुष्कळ आधी पुरा व्हावा. विद्यार्थिदशेत मी या स्पर्धेत भाग घेतला होता. आता कुपवाड एमआयडीसीतील एका टूलरूममध्ये (साचे व यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात) असतो आणि आसपासच्या महाविद्यालयांची मुले सुटे भाग बनवून घ्यायला आमच्याकडे येतात, त्यावरून हे लिहीत आहे.

२००२ साली टोकियोत सुरू झालेल्या या आशियाई स्पर्धेत यजमान देश बहुधा आपल्याकडचाच एखादा खेळ किंवा परंपरा विषय म्हणून देतो. २००८ मध्ये पुण्यात गोविंदा होता, तर २०२२ मध्ये नवी दिल्लीत लगोरी होती. लगोरीचेच उदाहरण घ्या. एका रोबोटने चेंडू मारून चकत्यांचा ढीग फोडायचा, दुसऱ्याने तो पुन्हा रचायचा, आणि समोरच्या संघाने त्यात व्यत्यय आणायचा, असा तो डाव. रचणारा रोबोट दिसायला देखणा असतो, म्हणून नवख्या संघाचा सगळा जीव त्याच्यात अडकतो. पण ढीग फुटलाच नाही, तर रचायचे काय? कोणत्याही वर्षीच्या विषयात असे एखादे आधीचे काम असते, ज्यावाचून पुढचे गुण मिळतच नाहीत. ते काम दहापैकी नऊ वेळा बिनचूक होईपर्यंत दुसऱ्या यंत्रणेच्या ड्रॉइंगला हात लावू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

फेकण्याचे काम असेल तर एक हिशेब आधीच करून ठेवा. सहा सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर २५.२ व्होल्ट देते आणि वापरता वापरता २२.२ च्या आसपास येते. मोटरला ठरावीक पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारा संकेत) देऊन फेकणीचे चाक फिरवत असाल, तर व्होल्टेजबरोबर चाकाचा वेगही सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो, आणि पल्ला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो जवळजवळ २२ टक्क्यांनी घटतो. म्हणजे सकाळी ४ मीटरवर अचूक पडणारा चेंडू दुपारी ३.१ मीटरवरच पडतो आणि मुले नेम धरणाऱ्याला बोल लावत बसतात. चाकावर एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) बसवून आरपीएम, म्हणजे मिनिटातले फेरे, पीआयडीने (चूक मोजून वेग आपोआप सुधारणाऱ्या नियंत्रण पद्धतीने) स्थिर राखा, आणि तो आरपीएम मोटरच्या कमाल वेगापेक्षा बराच खाली ठेवा, कारण बॅटरी उतरल्यावर वेग सावरून घ्यायला मोटरकडे काही ताकद शिल्लक लागते.

आमच्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या रोबोटांत सर्वांत अधिक आढळणारा दोष अगदी क्षुल्लक असतो. मोटरच्या गोल शाफ्टवर कपलिंग (शाफ्ट आणि चाक जोडणारा भाग) केवळ ग्रब स्क्रूवर, म्हणजे डोके नसलेल्या छोट्या स्क्रूवर, आवळलेले असते, आणि चाक पुढे-मागे झटके घेऊ लागले की तो स्क्रू सैल पडतो. शाफ्टला कानशीने सपाट बाजू काढावी, स्क्रूला लॉकटाइट (आटे घट्ट धरणारा चिकट द्रव) लावावे आणि स्क्रू व कपलिंग यांच्यावरून पेंट मार्करची एक सलग रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला, हे पाना न लावताही कळते. सामन्याआधी मैदानात रोबोट मांडण्यासाठी मिनिटभराचा अवधी मिळतो, त्यात एवढीच तपासणी शक्य असते.

त्या मिनिटाचाही सराव हवा. कोणी बॅटरी जोडायची, कोणी चाके रेषेवर आणायची, कोणी इमर्जन्सी स्टॉप मोकळा करायचा, हे ठरलेले असावे आणि पंचांसमोर तोंडातून शब्द न निघता व्हावे. चालकही एकच ठेवा. वरिष्ठ विद्यार्थ्यांचा मान राखण्यासाठी ऐनवेळी रिमोट दुसऱ्याच्या हाती देण्याची आपल्याकडे जी रीत आहे, ती या स्पर्धेत महागात पडते.

मैदानाची प्रतिकृती कॉलेजच्या फरशीवर पट्ट्या चिकटवून करू नका. निदान रोबोट जिथे वळतो तेवढा भाग प्लायवुडवर नियमात सांगितल्यासारखा रंगवून घ्या. गुळगुळीत फरशीवर बसवलेले अंतराचे आकडे रंगवलेल्या प्लायवर चुकतात, कारण चाके निराळी घसरतात.

राष्ट्रीय फेरी अलीकडे दिल्लीत होते. मिरजेहून किंवा सांगलीहून गोवा एक्सप्रेसने थेट निजामुद्दीनला उतरता येते, त्यामुळे रोबोट बोल्ट काढून दोन-तीन भागांत सुटेल असाच बांधा आणि वेल्डिंग शक्य तिथे टाळा. सुटे मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवून नियंत्रित करणारे सर्किट) मात्र मोटरींपेक्षा जास्त न्या, कारण पहिल्यांदा तेच जळतात. विमानाने जाणार असाल तर लिथियम बॅटऱ्यांच्या अटी तिकिटाआधी पाहाव्यात.

शेवटी एक तांत्रिक बाब. नियमपुस्तिका प्रसिद्ध झाल्यावर आयोजक शंकांची उत्तरेही प्रसिद्ध करतात आणि त्यात नियमांचा अर्थ कधी कधी बराच बदलतो. लेझर कटिंगला फाइल पाठवण्यापूर्वी ती उत्तरे संघातील एकाने प्रत्येक वेळी वाचलेली असावीत.